परवाना बाबांच्या नावावर

आमच्या ऑफिसातली सगळ्यात महाग वस्तू माझ्या करंगळीएवढी होती. तिला डोंगल म्हणतात. पेन ड्राइव्हसारखी दिसते. कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायची, लाल दिवा लागला की सॉफ्टवेअर उघडतं. दिवा लागला नाही तर तुम्ही कोण, कुठले, किती शिकलेले, याच्याशी सॉफ्टवेअरला काही देणंघेणं नसतं.

ऑफिस पनवेलला, टपाल नाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला आणि इलेक्ट्रिकचं दुकान. धंदा स्ट्रक्चरल इंजिनियरचा. इमारत दिसेल कशी ते आर्किटेक्ट ठरवतो आणि त्याचा फोटो मासिकात येतो. ती उभी कशी राहील ते आम्ही ठरवतो, आणि आमचा फोटो ती पडली तरच येतो. कुठल्या कॉलमवर किती भार येणार, बीममध्ये किती लोखंड घालायचं, वारा आला, भूकंप झाला तर काय, ही सगळी गणितं पूर्वी हाताने करत. आता सॉफ्टवेअर करतं, आणि आपण पोक्त चेहऱ्याने मान डोलवायची असते.

हे ऑफिस माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, काढलं. मीही तेच शिकलेली. माझा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मुलाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. सगळे प्रश्न सासऱ्यांनी विचारले आणि त्यांतले निम्मे बीमवरचे होते. कांदेपोहे कोणी केलेत हेसुद्धा कोणी विचारलं नाही. नवऱ्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. तो बँकेत आहे. इमारत पडली तर कर्ज कोण फेडणार, एवढाच त्याचा इमारतींशी संबंध.

सॉफ्टवेअर बाबांनी कधीच्या काळी घेतलेलं. त्या पैशात नवीन पनवेलला एक खोली आली असती, असं सासूबाई अजूनही सणासुदीला सांगतात. पण बाबांनी खोली न घेता परवाना घेतला, स्वतःच्या नावावर आणि कायमचा. एका वेळी एकाच माणसाने वापरायचा. त्यामुळे आमची वाटणी ठरलेली होती. सकाळ बाबांची, जेवणानंतरची वेळ माझी. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं. भांडणंही त्याच जातीची.

दोन वर्षांपूर्वी महापालिकेतल्या नोंदणीचं नूतनीकरण आलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता सही तू कर. माझा हात हलतो." म्हणजे कागदोपत्री ते निवृत्त झाले. पण सकाळी साडेनऊला, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ऑफिसात हजर. कोणाचं काम नसताना रोज काय करतात, हे मला आधी कळलं नाही. मग एकदा मी जुनी फाइल शोधत होते, तेव्हा पाहिलं. बाबा त्यांच्या जुन्या इमारती तपासत होते. ज्या त्यांनी तरुणपणी स्लाइड रूलच्या सरकत्या पट्टीवर आणि वहीवर केल्या होत्या, त्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घालायच्या आणि आपण तेव्हा बरोबर होतो का ते पाहायचं. कळंबोलीतल्या लोखंडाच्या गोदामांची छपरं, शिरढोणकडची एक शाळा, खांदा कॉलनीतली घरं. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही.

"अहो, तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं उभ्या आहेत त्या," मी म्हटलं. "पडायच्या असत्या तर पडल्या असत्या."

"पडली नाही म्हणजे बरोबर होती, असं नसतं," बाबा म्हणाले. "कधीकधी नुसतं नशीब असतं. माणसं राहतात गं आत."

एक इमारत सोडून बाकी सगळ्या झाल्या. राहिली होती ती लाइन आळीतली तीन मजली. नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर केलेलं ते त्यांचं पहिलं काम. मुद्दाम शेवटी ठेवलेली, कारण पहिल्या कामात काय काय करून ठेवलं असेल याची त्यांना भीती वाटायची. रात्री मध्येच आठवण येते, असं एकदा मला म्हणाले होते. तळमजल्यावरचा कोपऱ्यातला एक कॉलम आपण जरा बारीकच घेतला असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलेलं होतं. ते गणित दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं, असं त्यांनी ठरवलं. इंजिनियर माणूस, पण मुहूर्ताच्या बाबतीत पक्का कोकणस्थ.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा असते. कळंबोलीत ट्रकांना झेंडूच्या माळा लागतात, खालचा इलेक्ट्रिकवाला ड्रिल मशीनला गंध लावतो. आमच्या ऑफिसात पाटावर बाबांचा स्लाइड रूल, टी-स्क्वेअर, काँक्रीट तपासायची हातोडी, माझा कॅल्क्युलेटर आणि मधोमध डोंगल. कॉम्प्युटर पाटावर मावत नाही म्हणून त्याच्यातलं जे मुख्य ते काढून ठेवायचं, असा बाबांचा तर्क. जीव कशात आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. दरवर्षी कोरडं हळदकुंकू असायचं. यंदा सासूबाई गुडघ्यांमुळे जिना चढू शकल्या नाहीत आणि पूजेचं ताट बाबांनी स्वतः केलं. कुंकू नीट लागत नाही म्हणून त्यात पाणी घातलं. छान ओलसर गंध झालं. ते डोंगलला लावलं, वर फुलाने पाणी शिंपडलं. खंडेनवमीला हत्यार वापरायचं नाही हा दंडक, त्यामुळे डोंगल रात्रभर त्या गंधात भिजून विश्रांती घेत पडली.

दसऱ्याला सकाळी बाबांनी लाइन आळीची नकाशांची सुरळी उघडली, डोंगल पुसली, नमस्कार करून लावली. दिवा लागला नाही. पुन्हा लावली. फुंकर मारली. मी केसांच्या ड्रायरने वाळवली. खालच्या इलेक्ट्रिकवाल्याने उघडून पाहिली आणि आत बोट दाखवलं. आत सगळं लालच लाल होतं, पण ते कुंकू होतं.

"सौभाग्यवती गेली," मी म्हटलं. बाबांना ते आवडलं नाही.  संध्याकाळी आपट्याची पानंसुद्धा त्यांनी मला न बोलता दिली.

मग मी अधिकृत विक्रेत्याला फोन लावला. नऊ दाबा, दोन दाबा, एक गाणं ऐका, असं करत एक गोड आवाजाची मुलगी आली. फोन मी स्पीकरवर ठेवला होता, कारण बाबा समोर बसले होते.

"मॅम, ते प्रॉडक्ट आता एंड ऑफ लाइफ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याचा सपोर्ट बंद झालाय, मॅम. नवीन डोंगल मिळत नाही."

"पण आम्ही कायमचा परवाना घेतलाय."

"येस मॅम. परवाना कायमचा आहे. प्रॉडक्ट कायमचं नव्हतं."

इतका स्वच्छ विचार मी कुठल्या कीर्तनातही ऐकलेला नाही. मुलगी पुढे म्हणाली की घाबरायचं कारण नाही, जुन्या परवानाधारकांना अपग्रेड करून मिळतं. आता डोंगल वगैरे नसते. ज्याचा परवाना त्याचा ईमेल, दरवर्षी वर्गणी भरायची, आणि त्या एकाच माणसाने वापरायचं. सकाळी एक आणि दुपारी दुसरा असं चालत नाही. रिपोर्टच्या प्रत्येक पानावर खाली वापरणाऱ्याचं नाव आपोआप छापून येतं.

इथे आमचं घोडं अडलं. कारण रिपोर्टवर सही माझी, आणि परवाना बाबांचा. आमचे रिपोर्ट तपासायला सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात जातात. सही एकाची आणि खाली नाव दुसऱ्याचं म्हटल्यावर तिथले प्राध्यापक कागद आल्या पावली परत पाठवतील. आणि माझ्याकडे तेव्हा एक काम अडून पडलं होतं. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळणींच्या सोसायटीची शेड, वर बर्फ ठेवायचा माळा. मासळी उन्हात नासते म्हणून त्या बायका दोन वर्षं त्या शेडच्या मागे होत्या.

"मग परवाना माझ्या नावावर करून द्या," मी म्हटलं.

"शुअर मॅम. ट्रान्सफरसाठी तीन रीझन्स आहेत. कंपनी मर्ज झाली, कंपनी विकली, किंवा परवानाधारक मयत."

"जिवंत सासऱ्यांनी सुनेला दिलं, असं नाही का?"

"तसं सिस्टिममध्ये नाहीये, मॅम." मग जरा आवाज उतरवून, आपुलकीने, "सगळ्यात फास्ट थर्ड ऑप्शन आहे, मॅम. डेथ सर्टिफिकेट अपलोड केलं की लगेच होतं."

बाबांनी पेपर खाली घेतला. "सांग तिला," ते म्हणाले, "प्रयत्न चालू आहे."

त्याच आठवड्यात सोसायटीच्या अध्यक्षा, मावशी, शेडचं काय झालं विचारायला आल्या. पाटल्यांनी भरलेले हात, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी सुके बोंबील. बाबा शाकाहारी आहेत हे त्यांना माहीत आहे. बोंबील त्या तरीही आणतात आणि बाबा तरीही आभार मानतात. मी त्यांना डोंगल, परवाना, तीन कारणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाबांकडे पाहिलं.

"म्हंजे म्हातारा जिता हाय, आन् तो मेला म्हनून लिवायचा?"

"तसं लिहिलं की लवकर होतं म्हणतात."

"आमच्यात बोट बापाच्या नावावरची पोराच्या नावावर करायची तर बाप जिताच लागतो. त्यानं येऊन सांगायला लागतं, ही बोट याची. मेल्यावर तर भाव-भाव भांडतात." मग बाबांना, "तुमी नका मरू बाबा. आमी थांबतो. शेड आज नाय तर उद्या."

बाबा हसले. पण मावशी गेल्यावर मला म्हणाले, "बर्फाला छप्पर नाही म्हणून त्या बायकांची मासळी फुकट जातेय. तू यातून काहीतरी मार्ग काढ."

मार्ग मला सुचलेला होता. आज घरोघरी चालतो तोच. परवाना बाबांच्याच नावाने अपग्रेड करायचा, ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, ते मला तो वाचून दाखवतील, मी वापरेन, सकाळी तेही वापरतील. खाली त्यांचं नाव छापून येईल, तर प्रोफेसरांना सांगायचं की ऑफिस एकच आहे. लाइन आळीची इमारतही तपासून होईल. माझ्या मते यात सगळ्यांचंच भलं होतं. एकाही माणसाचं नुकसान नव्हतं, आणि कंपनीला तर माणूस म्हणायची काही गरज नाही.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे गणित तू करणार, आणि खाली नाव माझं?"

"नावापुरतं हो."

"नावापुरतं मी आजवर काही केलेलं नाही." आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "मी न पाहिलेल्या साइटचे दाखले मागायला लोक यायचे माझ्याकडे. कळंबोलीतले तर टेबलावर पाकीटच ठेवायचे. मी दिला नाही एकही. आता या वयात खोट्या नावाचा कागद काढू? तोही तुझ्यासाठी?"

"मग लाइन आळीचं काय?" मी विचारलं. मला वाटलं, इथे तरी ते वाकतील.

त्यांनी लाइन आळीच्या सुरळीला रबर लावलं. मग म्हणाले, "दुसरं कारण कुठलं सांगितलं होतं तिने? कंपनी विकली? मग विकतो तुला. खरंखुरं विकतो."

आणि खरंखुरं विकलं. वकिलाकडे जाऊन करार केला. ऑफिस, कपाट, दोन टेबलं, नाव, सगळं मला. मोबदला काय लिहायचा यावर वकील म्हणाला, नाममात्र लिहा. नाममात्र हा शब्द ऐकून बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो खोडला. मग मोबदला ठरला तो असा की बाबांना रोज सकाळी ऑफिसात येऊन बसायचा हक्क राहील. वकिलाला असलं कलम आवडलं नाही. मला आवडलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, पण तेव्हा ते कोणाला दाखवायची सोय नव्हती, कारण स्टँप पेपरवर सह्या चालू होत्या.

त्यानंतर कंपनीचा ट्रान्सफरचा करार आला. इंग्रजीत, बारीक अक्षरात, वाचूच नये अशा हेतूने छापलेला. मी असले करार कधी वाचत नाही. शेवटपर्यंत खाली सरकवायचं आणि मान्य म्हणायचं, हा आजच्या काळातला एक संस्कारच आहे. बाबांनी तो खाली झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणवला आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. किती दिवस लागले देव जाणे. मध्ये मध्ये मला अर्थ विचारत, मी फोनवर असले की थांबत. कंपनीकडून, सोसायटीच्या बाकीच्या बायकांकडून, सगळीकडून मला तगादा, आणि हे एकेका वाक्याखाली रेघ ओढतायत. मी चिडले. "बाबा, सगळे नुसतीच सही करतात."

"म्हणून तर मला वाचावं लागतं," ते म्हणाले. मग सही केली. हात हलत होता म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून केली.

पण कंपनीचं समाधान नव्हतं झालं. जुनी डोंगल नष्ट करून तिचा फोटो पाठवा, असं आलं. सासूबाईंना घरी हे कळलं आणि त्या भडकल्या. "पूजेतली वस्तू ठेचतात का कुठे? विसर्जन करा. वडाळे तलावात सोडा." मी कंपनीला ईमेल केला की धार्मिक कारणास्तव वस्तू पाण्यात विसर्जित केली तर चालेल का. उत्तर आलं की वस्तू निकामी झालेली स्पष्ट दिसली पाहिजे. पाण्यात गेलेली वस्तू दिसत नाही, हा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी खालून हातोडी आणली. ऑफिसात हातोडी होती, पण ती काँक्रीट तपासायची, आणि बाबा म्हणाले की तिचा असा उपयोग करायचा नाही. डोंगल जिन्यातल्या पायरीवर ठेवली. मी मारणार, तर बाबांनी हातोडी मागून घेतली. डोंगल उचलून कपाळाला लावली, परत ठेवली, आणि मारली. पहिल्या फटक्याला ती उडून इलेक्ट्रिकवाल्याच्या दारात गेली. दुसऱ्याला दोन तुकडे झाले. मी फोटो काढला, पाठवला. कंपनीने तो नाकारला. डोंगलवरचा नंबर वाचता येत नाही म्हणे. म्हणजे वस्तू ओळखू येणार नाही इतकी मोडलेली नको आणि चालेल इतकी धडही नको. माझ्या जुन्या नोकरीतल्या एका साहेबांची कर्मचाऱ्यांकडून हीच अपेक्षा असायची. तुकडे जुळवून, नंबरावरचं कुंकू ओल्या कापसाने पुसून, दुसरा फोटो काढला. तो पास झाला.

परवाना माझ्या नावावर झाला. पडद्यावर माझं नाव घेऊन स्वागत झालं, फुलंही दाखवली. मावशींची शेड मी चार दिवसांत संपवली. प्राध्यापकांनी एक शंका काढली, ती काढणं त्यांचं कर्तव्यच असतं, आणि मंजूर केली. मावशी पेढे आणि बोंबील एकाच पिशवीतून घेऊन आल्या. पेढ्यांना वास लागला होता, तरी बाबांनी एक खाल्ला.

त्याच सुमारास बाबांना कंपनीचा ईमेल आला. तुम्ही आम्हाला सोडून गेलात याचं वाईट वाटतं, कारण कळवाल का, आणि खाली चौकटी. महाग वाटलं, दुसरं चांगलं मिळालं, काम बंद केलं. बाबांनी कोणत्याच चौकटीत खूण केली नाही. खाली मोकळी जागा होती तिथे एका बोटाने इंग्रजीत टाइप केलं, की मी सोडून गेलेलो नाही, इथेच बसतो. मग मला विचारलं, "उत्तर देतात ना हे?" मी म्हटलं, देतात. काही उत्तर आलं नाही.

ते खरंच इथेच बसत. साडेनऊला येत, पण आपल्या टेबलापाशी न जाता माझ्यासमोर, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर. पेपर वाचत. साडेअकराला उठून घरी जात. लाइन आळीची सुरळी टेबलावर तशीच होती, रबर लावलेली. तिच्याकडे ते बघत नसत, आणि न बघण्याचा प्रयत्न करतायत हे मला दिसत असे.  स्वतःचा राग येई, कंपनीचा येई, त्यांच्या तत्त्वांचा तर फारच येई.

मग एका रविवारी मी एकटी ऑफिसात आले आणि ती सुरळी उघडली. पिवळे पडलेले नकाशे, बाबांचं तरुण अक्षर. एकेका बीमची मापं टाकताना मला वाटत होतं की कोणाची तरी पत्रं वाचतेय. तळमजल्याचा कोपऱ्यातला कॉलम खरंच बारीक होता. सगळं भरलं आणि बटण दाबलं. जुन्या इमारती नव्या नियमांत बहुतेक नापास होतात, हे मला माहीत होतं. नापास झालेला भाग पडद्यावर लाल दिसतो. एकही लाल आला नाही. तो बारीक कॉलमसुद्धा हिरवा. बाबांनी त्यात तेव्हा लोखंड जरा जास्तच घातलं होतं, बहुतेक भीतीपोटी. मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग रडले.

सोमवारी बाबा येऊन बसले. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. "बाबा, बघा बरं ही कुठली."

त्यांनी पहिल्या नजरेतच ओळखली असणार. मान लगेच खिडकीकडे फिरवली.

"वळव तो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही नाही वापरलं, मी वापरलंय. तुम्ही फक्त बघायचं."

"प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वापर करणार नाही, असं कंपनीला लिहून दिलंय मी. त्याचा फायदाही घेणार नाही, असं पुढच्या ओळीत आहे." मान खिडकीकडेच. "तू वाचलं नाहीस का ते?"

"बरं, मी नुसतं तोंडी सांगते—"

त्यांनी हात वर केला.  "सांगू नकोस. कृपा कर."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"जाऊन बघतो," बाबा म्हणाले. उठले, चपला घातल्या आणि कठडा धरत जिना उतरले.

मी पडदा तसाच टाकून त्यांच्या मागे गेले. लाइन आळीत ते त्या इमारतीच्या समोरच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या फळीला टेकून उभे होते. वर बघत होते. गॅलरीत कपडे वाळत होते, कोणाचा तरी मिक्सर चालू होता, तळमजल्यावरच्या शिंप्याने कोपऱ्यातल्या कॉलमला सायकल टेकवली होती. बाबांची नजर तिथे थांबली, मग सावकाश वर वर गेली, पुन्हा खाली आली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई कपडे काढायला आली आणि या म्हाताऱ्याला बघून कठड्यावरून वाकली.

"काका, कोण पाहिजे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "चालू द्या तुमचं."